पाच पायांचं कासव

आमच्याकडे समुद्र वाळून येतो. आठवडी बाजारात गोणपाटावर ओतलेला जवळा, सुकट, दांडीवर जोडीजोडीने टाकलेले बोंबील. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलं की मुलांच्या बोटांना तोच वास असतो. त्यामुळे “समुद्रात काय काय असतं?” असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तरं आली ती अशी: बोंबील, जवळा, मीठ, आणि मागच्या रांगेतून एकाने ओरडून सांगितलं, “मुंबई!”

मी शहापुरात राहते. किन्हवलीवरून पुढे, मुरबाड तालुक्याच्या हद्दीत, काळू नदीच्या काठच्या एका गावात शिकवते. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. शिक्षक दोन, त्यात मी वयाने मोठी म्हणून मुख्याध्यापकपणही माझ्याच गळ्यात. मी फार बोलणारी बाई नाही. स्टाफरूम नावाचं काही असतं तर तिथेही गप्पच बसले असते. या गप्प बसण्याला लोक माझा चांगुलपणा समजतात, आणि मीही बरीच वर्षं तसंच समजू दिलं.

समुद्र शिकवणाऱ्या बाईने तरी समुद्र किती पाहिला होता? वडील कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. सहा डिसेंबरला ते आम्हा भावंडांना दादरला घेऊन जायचे. रांग, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, उन्हात तापलेलं डोकं. चैत्यभूमीचं दर्शन झालं की मागे थोडा वेळ समुद्र. वडिलांच्या खांद्यावरून मला तो दिसायचा, माणसांच्या डोक्यांच्या पलीकडे राखाडी पट्टा. मी खाली उतरायचा हट्ट करायची. ते म्हणायचे, “पाय भिजवू नको, परतीच्या गाडीत हुडहुडी भरंल.” म्हणजे समुद्र मला दुरूनच बघायची सवय होती.

शाळेला टीव्ही मिळाला त्या वर्षी त्याच्याबरोबर मुलांसाठीच्या काही फिती आल्या. त्यात एक समुद्री कासवांची होती. मादी रात्री वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू ओढते आणि वळूनही न बघता पाण्यात जाते. मग पिल्लं निघतात, पाण्याकडे धावतात. पुढे मोठं झालेलं एक कासव तरंगणारी प्लास्टिकची पिशवी जेलीफिश समजून गिळतं. जेलीफिश म्हणजे काय ते मी सांगितलं. पाण्यातली पारदर्शक छत्री, हाड नाही, डोळा नाही. नदीतली कासवं मुलांनी पाहिली होती, काहींनी खाल्लीही होती. पण पोटात पिशवी घेऊन मरणारं कासव त्यांना झेपेना.

“बाई, त्याला चव नाय कळत काय?” एकाने विचारलं.

“तुला मावशींच्या खिचडीची कळते काय?” दुसरा म्हणाला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी डाव उगारला. सगळे हसले.

ती हसली नाही. चौथीतली मुलगी. तिचं नाव मी लिहिणार नाही. नदीपलीकडच्या वाडीतली, आईबरोबर राहणारी. आई कधी कुणाच्या शेतावर, कधी मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर मजुरीला. मुलगी बारीक, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की दोन दिवस तीच. फीत संपल्यावर सगळे खेळायला पळाले आणि ती माझ्या टेबलाशी उभी राहिली.

“बाई, जवळा वाळायच्या आधी कसा असतो?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधून दाखवला. अंगातून आरपार दिसणारा, डोळ्यांचे दोन काळे ठिपके. तिने मोबाइल अगदी नाकाशी धरला.

“काचेचा हाय,” ती म्हणाली. मग मोबाइल परत देत, “आपण त्याला कांदा टाकून खातो.”

मी तेव्हा खरंच चांगली शिकवत होते. हे सांगून मला काही झाकायचं नाही, पण ते खरं आहे. फरशीवर खडूने काळू नदी काढली, ती पुढे उल्हास नदीला मिळते, उल्हास खाडीला, खाडी समुद्राला. खडूच्या रेषेवर मुलांना ओळीने चालायला लावलं. आपल्या शाळेमागे टाकलेली पुडी या वाटेने कासवाच्या तोंडापर्यंत जाते, असं मी म्हणाले. ती रेषेच्या शेवटी पोचली आणि तिथेच उभी राहिली, मागच्या मुलांनी ढकललं तरी.

तालुक्यातून एक स्पर्धा निघाली. ज्या शाळेची मुलं सर्वात जास्त प्लास्टिक गोळा करतील त्यांना बसने समुद्रावर सहल, शाळेला ढाल. आम्ही लागलो कामाला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, त्यांत वेफर्सच्या, गुटख्याच्या, शाम्पूच्या पुड्या काठीने ठासून भरायच्या, झाकण लावायचं आणि प्रत्येक बाटलीवर एक समुद्रातला प्राणी रंगवायचा. ही रंगवायची कल्पना माझी. ज्याची बाटली त्याला ओळखता यावी म्हणून.

तिने कासव काढलं. हिरवं, फुगीर, आणि शेपटी इतकी जाड आणि लांब की मला हसू आलं.

“अगं, याला पाच पाय कसे?”

ती मुळीच ओशाळली नाही. “एक जास्तीचा, बाई. समुद्र लांब हाय ना.”

मी पुन्हा हसले. वर्गाला वर धरून दाखवली ती बाटली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच बाटलीवर सगळं येऊन थांबतं.

मुलांनी किती गोळा केलं ते काय सांगू. पानपट्टीवाल्याच्या मागे, लग्नाच्या मांडवाखाली, फार्महाऊसच्या कुंपणापाशी, नदीच्या उतारावर. वाडीतली ही मुलगी सुटीच्या दिवशीही पिशवी घेऊन फिरायची. गोण्यांवर गोण्या भरून शाळेच्या पडवीत रचल्या. तालुक्याहून साहेब आले, गोण्यांपुढे मुलांना बसवून फोटो काढला, आम्ही पहिले आलो. ढाल मिळाली. सहल परीक्षेच्या आधी, बस साहेबांकडून.

गोण्या न्यायला मात्र कुणी आलं नाही.

मी फोन केला. “उचलायचं तुमच्या स्तरावर बघा ना मॅडम,” असं उत्तर आलं. माझा स्तर म्हणजे काय? गावात कचऱ्याची गाडी नाही. भंगारवाल्याने बाटल्या हातात घेऊन बघितल्या आणि परत ठेवल्या. आत पुड्या ठासलेल्या बाटल्या त्याला नको होत्या, सुट्या असत्या तर नेल्या असत्या. म्हणजे आम्ही इतकं छान केलं होतं की ते कुणाच्याच कामाचं उरलं नव्हतं. उंदीर झाले. मावशी रोज बोलायच्या, “समुद्राचा कचरा आणून माझ्या चुलीपाशी ठेवलाव, बाई. वाचला काय समुद्र?” एका सकाळी गोण्यांखालून घोणस निघाली. त्यात शाळा तपासणीचं पत्र आलं.

आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष गावातले शेतकरी. नदीला लागून त्यांची भाताची खाचरं. माणूस मनाने वाईट नाही, शाळेला पत्रे त्यांनीच घालून दिले. पडवीत उभे राहून त्यांनी गोण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “एवढंच ना? माझा राब लावायचं चाललंय. द्या हिकडं. पातेरा तसाबी कमीच मिळतो आता.”

राब बाहेरच्यांना सांगायला हवा. पावसाआधी ज्या तुकड्यात भाताचं रोप वाढवायचं, तिथे शेण, तोडलेल्या डहाळ्या, पातेरा म्हणजे वाळलेला पाला, गवत असे थर रचतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेवर रोप जोमाने येतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच. माझ्या आजोळीही व्हायचं. पाल्याचा भारा मी स्वतः डोक्यावरून आणलेला आहे. तेव्हा अध्यक्ष काय म्हणतायत ते मला कळलं नाही असं नाही. पाल्याच्या जागी बाटल्या. तेही नदीकाठी, जिथली राख पहिल्या पुरात खाली जाणार. खडूची रेषा तर माझ्याच हातची होती.

मी म्हणाले, “न्या. पण मुलं नसताना न्या.”

“मुलं नसताना” हे शब्द माझ्या तोंडून आपोआप आले. मी कितीदा आठवून बघितलं. विचार करून बोलले असं काही सापडत नाही.

सोमवारी पडवी मोकळी. मुलं ओरडतच आली, “बाई, गोण्या कुठं गेल्या?”

“टेम्पो आला होता,” मी म्हणाले. “कारखान्यात गेल्या. त्यांची बाकडी होतात.”

हे टीव्हीवर पाहिलेलं होतं, तेवढं खरं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने हात वर केला.

“बाकडी आपल्याला देतील काय बाई?”

“बघू.”

“कासवं दिसतील काय बाकड्यावर?”

“वितळवतात अगं सगळं.”

“मग नाय दिसणार,” ती म्हणाली आणि बसली. तिला वाईट वाटलं, पण तिने ते समजून घेतलं. आपल्या कासवाचं बाकडं होणार हे तिला पटण्यासारखं होतं.

राब त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाजला. सकाळची शाळा सुरू झाली होती. राबाचा धूर नेहमी पांढुरका असतो, मातीखालून हळू येतो. हा काळा आला, उभाच्या उभा, आणि वारा शाळेकडे होता. मुलं नाकं धरून खोकायला लागली. “बाई, कोणतरी टायर जाळतंय!” मी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या आणि पाढे म्हणायला लावले. मोठ्याने म्हणा, म्हणाले.

आणि मग ती सकाळ. ती मुलगी उशिरा आली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, परकराला राख. सरळ टेबलाशी आली आणि बाटली ठेवली. अर्धी वितळून पिळवटलेली, तळ काळा, आतल्या पुड्यांचा एकच गठ्ठा झालेला. वरचा अर्धा भाग मात्र मातीत दबून वाचला होता. त्यावर कासव होतं. हिरवं. चार पाय आणि एक जास्तीचा.

ती आरोप करायला आली नव्हती. हे मला नीट लिहिलं पाहिजे. तिचा चेहरा काळजीचा होता.

“बाई, ही टेम्पोतून पडली वाटतं. अध्यक्षांच्या राबात गावली. अजून खूप हायत तिकडं, पण जळलीत. टेम्पोवाल्याला फोन करा ना. बाकडी कमी होतील.”

तिने मला वाटही काढून दिली होती. ‘हो गं, पडली असेल’ एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. तेही खोटंच असतं, पण ते माझं एकटीचं राहिलं असतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी टेम्पो आलाच नाय काय?” तपासणी पुढच्या आठवड्यात. सहल येत्या शनिवारी. अध्यक्षांचं नाव वर्गात मोठ्याने घेतलं गेलेलं. मी मनाशी म्हणाले की मुलांची सहल बुडेल. खरं सांगायचं तर सहल नंतर सुचली. आधी माझी ढाल सुचली, भिंतीवर लावलेली.

“ही आपली बाटली नाही,” मी म्हणाले.

“आपलीच हाय बाई.” तिला वाटलं मला दिसलं नाही. तिने राख पुसली. “ही बघा, माझीच हाय. पाच पाय हायत. तुमी हसलात नाय का?”

“दुसऱ्या कुणी काढलं असेल.”

“दुसरं कोण काढंल पाच पाय?”

वर्ग हसला. ते हसणं तिच्या बाजूचं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

“खोटं बोलायचं नाही,” मी म्हणाले. माझा आवाज चढतो तेव्हा मुलं घाबरतात, कारण तो एरवी चढत नाही. “आपल्या सगळ्या बाटल्या कारखान्यात गेल्यात. ही तू घरून रंगवून, जाळून आणलीस. कशाला? सगळ्यांची सहल बंद पाडायला?”

सहल हा शब्द निघाल्यावर मला पुढे काही करावंच लागलं नाही. “ए, सहल बंद पाडतेस काय?” “खोटारडी!” “तिला बस लागते ना, म्हणून!” कुणीतरी म्हणालं “पाचपायी!” आणि तेच नाव तिला चिकटलं. ती माझ्याकडे बघत होती. रडली नाही. आधी तिने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे, जणू दोघांपैकी कोण चुकतंय ते तिला ठरवायचं होतं.

“जागेवर बस,” मी म्हणाले.

ती बसली. बाटली मी कपाटात टाकून कुलूप लावलं.

मुलं घरी जाऊन बोलली, ते अध्यक्षांच्या कानावर गेलं. तिची आई त्या दिवसांत त्यांच्याच शेतावर होती. “तुजी पोर माझ्या राबात काय उकरत फिरते गो?” एवढंच ते म्हणाले म्हणे. मावशींनी मला सांगितलं. पुढचंही त्यांनीच सांगितलं, खिचडी ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता. “लय मारली तिला आईनं. काठी मोडली.” आणि मग, “तुमी खरं काय ते बोलला नाय ना बाई?” मावशींना सगळं माहीत होतं, गोण्या त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. त्यांचंही चुलीवरचं काम समितीच्या हातात. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

शनिवारी बस वाडीच्या फाट्यावर थांबवली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, परत वाजवला. ती आली नाही. मला हायसं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला दोन पावसाळे लागले.

वसईच्या पलीकडचा किनारा. मुलं बसमधून उतरली ती ओरडत पळत सुटली आणि पाण्याच्या अलीकडे एकदम थांबली. लाट आली की मागे, गेली की पुढे. एकाने पाणी जिभेला लावलं आणि थुंकला. “आयला, खरंच खारट!” मग सगळ्यांनी लावलं. मीही चपला काढून पाण्यात उभी राहिले, वयाच्या पन्नाशीला आले असताना पहिल्यांदा. पाय भिजू नयेत म्हणून सांगायला आता कुणी नव्हतं. चांगलं वाटायला हवं होतं.

भरतीने सोडलेली रेघ किनाऱ्यावर लांबपर्यंत गेली होती. शेवाळ, शिंपल्या, आणि बाकी सगळं आमच्या ओळखीचं. पुड्या, झाकणं, चपला, पिशव्या. मुलं ते बघत उभी राहिली.

“बाई, हितं शाळा नाय काय जवळ?” एकाने विचारलं. त्याच्या हिशेबाने शाळा असती तर हे इथे उरलं नसतं.

मी काही सांगायच्या आत त्यांनी सुरुवात केली. सवयच लागली होती. वाळूतली बाटली उचलायची, झटकायची, काडी शोधायची, पुड्या ठासायच्या. कुणी खेळेना. थोड्या वेळात एवढा ढीग झाला. जेवायला बोलावलं तरी येईनात. शेवटी बसवाला घाई करायला लागला तेव्हा मुलांनी ढिगाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“टेम्पो येईल ना बाई?”

“येईल,” मी म्हणाले.

बस वळली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. भरती चढायला लागली होती.

मे महिना गेला. पाऊस झाला, पेरणी झाली. अध्यक्षांच्या राबात रोप आलं ते टक्कल पडल्यासारखं. मधल्या तुकड्यात उगवलंच नाही. नांगराला वितळलेली ढेपळं लागत होती. ते म्हणाले, “बियाणंच बोगस.” मी मान हलवली. तोवर पूर येऊन गेला होता आणि राखेचा वरचा थर नदीने नेला होता.

मुलगी चौथी होऊन आश्रमशाळेत गेली. शेवटपर्यंत ती वर्गात होती, पण तिने पुन्हा हात वर केला नाही. प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायची. समुद्राचा धडा परीक्षेला होता, त्यात पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी लिहिली होती तिने. मी पूर्ण गुण दिले.

मी रोज ठरवायची, आज वर्गात सांगायचं. हजेरी घेऊन झाली की सांगायचं. मग वाटायचं, जेवणानंतर. ती शाळेत असेपर्यंत मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, त्याच वर्गात, त्याच मुलांपुढे. ती गेली आणि ते वाक्य बोलायला वर्गच उरला नाही. ती मुलंही वेगवेगळ्या शाळांत पांगली.

गेल्या दिवाळीच्या सुटीत कळलं की ती घरी आली आहे. मी बाटली कपाटातून काढली, पिशवीत घातली आणि वाडीवर गेले. आईने लगबगीने खुर्ची आणून पुसली. चहा टाकला. मुलगी उंच झाली होती. माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं आणि जास्त वेळ गेला तर जमणार नाही हे ठाऊक असल्यामुळे बसता बसताच बोलले. आईलाही ऐकू जाईल असं.

“त्या दिवशी तू खरं बोलत होतीस. खोटं मी बोलले. गोण्या मीच राबासाठी दिल्या. टेम्पो आलाच नव्हता.”

आणि बाटली काढून तिच्यापुढे धरली. “ही तुझीच आहे.”

आईचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. तिने आधी लेकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. दारात उभी केलेली केरसुणी होती तिच्याकडे बघत राहिली. “मी मारली होती तिला,” ती हळूच म्हणाली. “बाईंवर आळ घेते म्हणून.”

मुलीने ते ऐकलं. तिने बाटली हातात घेतली. कासवावरून अंगठा फिरवला, शेपटीपर्यंत. मग ती मला परत दिली.

“नाय बाई,” ती म्हणाली. “ही माझी नाय. दुसरी हाय.”

“अगं, पाच पाय...”

“मीच खोटं बोलले होते तवा.” ती आईकडे वळली. “आये, चहा उतू जातोय.”

आईने भांडं उतरवलं. तिचा चेहरा मोकळा झाला. “बघा,” ती म्हणाली, “बाई तुमी उगाच मनाला लावून घेता. पोरं करतातच असं.” मग तिने मला चकली घ्यायचा आग्रह केला. मी घेतली. खाल्ली.

निघाले तेव्हा रीत म्हणून मुलगी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. सहलीच्या दिवशी बस थांबली होती तीच जागा. आई आता ऐकण्यात नव्हती. मी स्कूटरला किल्ली लावली आणि पुन्हा म्हणाले, “तू खोटं बोलली नव्हतीस. तुला माहीत आहे.”

ती नदीकडे बघत होती. आश्रमशाळेत ती नीट बोलायला शिकली होती. शब्द सावकाश, मोजून आले.

“आश्रमशाळेत कुणाला माहीत नाही, बाई. पाचपायी वगैरे. कुणाला सांगू नका. आणि परत येऊ नका.”

“बरं,” मी म्हणाले.

ती वळून वाडीकडे गेली. मी परत गेले नाही. तिने सांगितलं होतं म्हणून इथे कुणाचंही नाव नाही, आणि तरीही सांगितलंच आहे, म्हणजे हाही शब्द मी पाळलेला नाही. बाटली स्कूटरच्या डिकीत आहे. ती कुठे टाकायची ते मला अजून माहीत नाही. ढाल भिंतीवर आहे. यंदाही टीव्हीवर कासवांची फीत लावली, आणि संपल्यावर चौथीतल्या एकाने विचारलं, “बाई, आपण पण गोळा करूया काय?”

मी हो म्हणाले.